टाइप १ मधुमेह, ४२ किलोमीटर आणि पट्ट्यांचा हिशेब

वडगावकर | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावायचे मी ठरवले आहे. माझे वय ४१. वयाच्या १३ व्या वर्षापासून मला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे गेली २८ वर्षे दिवसातून चार-पाच वेळा इन्सुलिन टोचून घेतल्याशिवाय माझा दिवस पार पडलेला नाही. या धावण्याच्या निमित्ताने बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील हाच आजार असलेल्या १२ मुलांसाठी निधी गोळा करतो आहे. त्यात एक अडचण आली असून तिच्यावर आपल्या लोकांचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढला.

आधी एक खुलासा, कारण वर्गणी मागायला गेल्यावर दर तिसऱ्या दारात तो करावा लागतो. “एवढ्या लहान वयात शुगर? गोड लई खायचास काय?” हा प्रश्न मला शहापुरात, खडेबाजारात आणि खुद्द माझ्या मावशीच्या घरीही ऐकावा लागला. टाइप १ चा गोड खाण्याशी संबंध नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट करते. मग इन्सुलिन बाहेरून घ्यावेच लागते. पथ्य, काढा, कारल्याचा रस यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता अडचण. देणगीदारांना इन्सुलिनसाठी पैसे द्यायला आवडते, रक्त तपासण्याच्या पट्ट्यांसाठी आवडत नाही. इन्सुलिन म्हणजे औषध, त्याने जीव वाचतो, हे लगेच पटते. पट्टी म्हणजे कचऱ्यात जाणारी वस्तू. मलाही आधी तसेच वाटत होते. मागच्या रविवारी मी २६ किलोमीटर धावलो आणि रात्री सहज डबी पाहिली, तर पहाटेपासून झोपेपर्यंत ११ पट्ट्या संपल्या होत्या. त्याच आठवड्यात खानापूर तालुक्यातल्या एका ताईंशी बोलणे झाले होते. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाची साखर आठवड्यातून एकदा तपासली जाते. माझ्या एका रविवारच्या पट्ट्या त्या मुलाला अडीच महिने पुरल्या असत्या. त्या दिवसापासून निधी फक्त पट्ट्यांसाठीच असावा असे माझ्या मनाने घेतले आहे. लोकांना हे कसे पटवावे?

---

निपाणीचे गुरुजी | रविवार, रात्री १०.०२

आपला उद्देश चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट विचारतो. हा जिवाशी खेळ नाही काय? निधी गोळा करायला ४२ किलोमीटर धावलेच पाहिजे असे कुठे आहे?

विचारण्यामागे कारण आहे. माझा थोरला भाऊ मी आठ वर्षांचा असताना गेला. त्याला सारखी तहान लागे, अंगावरचे मांस झडत चालले होते आणि लघवी केलेल्या जागी मुंग्या जमत. घरात आजही “पोरगं वाळत गेलं” एवढेच सांगतात. मिरजेला न्यायची गाडी ठरली होती, तिची वेळ आलीच नाही. पुढे शिक्षक झाल्यावर विज्ञानाच्या पुस्तकात वाचले की टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळे केले, जानेवारी १९२२ मध्ये ते १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा टोचले गेले, आणि संशोधकांनी त्याचे हक्क विद्यापीठाला नाममात्र १ डॉलरला देऊन टाकले. म्हणजे माझा भाऊ गेला तेव्हा औषध जगात येऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ते निपाणीपर्यंत पोहोचले नव्हते, किंवा आमच्या घराला ते विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते. म्हणून या आजाराची कोणी परीक्षा पाहतो आहे असे दिसले की मला भीती वाटते.

---

सांबऱ्याचा माजी सैनिक | रविवार, रात्री १०.४०

गुरुजी, वसीम अक्रमला १९९७ मध्ये हाच आजार निघाला आणि त्यानंतरही तो २००३ पर्यंत गोलंदाजी करत होता. तेव्हा धावू नये असे नाही, बेसावध धावू नये एवढेच.

वडगावकर, तुम्ही सराव कुठे करता? वॅक्सिन डेपोच्या मैदानात नुसत्या फेऱ्या मारत असाल तर मुंबईत अवघड जाईल. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, पहाटेची हवा कोरडी आणि गार. मुंबईत सूर्य उगवायच्या आधीच बनियन ओले होते. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो, तिथे भलेभले चालत जातात.

---

वडगावकर | सोमवार, सकाळी ७.१५

गुरुजी, तुमच्या भावाबद्दल वाचून थोडा वेळ काही लिहवले नाही. तुमच्या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देणार नाही. धोका आहे. तो कसा असतो हे माझ्याच एका फजितीवरून सांगतो.

अण्णा, वॅक्सिन डेपो फक्त मधल्या दिवसांसाठी. रविवारी हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत बाचीपर्यंत जातो आणि परत येतो. सप्टेंबरातली गोष्ट. परतताना उचगाव फाट्याच्या अलीकडे पायांत जड वाटू लागले म्हणून खिशातला गुळाचा खडा तोंडात टाकला. मग वाटले, मोजून तरी बघू. कठड्यावर बसलो, बोटाला सुई मारली, थेंब पट्टीला लावला. मीटरवर आकडा आला ३१२. मी चक्रावलो. साखर एवढी चढली असेल तर गूळ कशाला खाल्ला, आता दोन युनिट इन्सुलिन घ्यावे काय, असा विचार करत इन्सुलिनच्या पेनचे टोपण काढलेसुद्धा. पण हाताला बारीक कंप सुटला होता आणि घाम नेहमीचा नव्हता, गार होता. तेवढ्यात बोटे एकमेकांना चिकटताहेत हे लक्षात आले. गूळ! बाटलीतले पाणी बोटावर ओतले, पंच्याच्या कोरड्या टोकाने पुसले, दुसरे बोट टोचले. आकडा आला ६१, म्हणजे साखर उतरली होती.

३१२ आणि ६१ या दोन आकड्यांच्या मध्ये फक्त बोटाला लागलेला गूळ होता. पहिल्यावर विश्वास ठेवून साखर आणखी उतरवणारे इन्सुलिन घेतले असते तर हा धागा कोणी दुसऱ्याने काढला असता. ती दुसरी पट्टी १६ रुपयांची होती. आठवड्याला एकच पट्टी मिळणाऱ्या मुलाच्या आईने अशा वेळी काय करायचे?

राहिला धावायचेच का हा प्रश्न. मला शाळेत पीटीच्या तासाला बाकावर बसवून ठेवत. शाळेचे नाव लिहीत नाही. त्यांनी काळजीपोटीच केले. पण ते बसणे मी विसरलेलो नाही. आज त्या १२ मुलांपैकी किमान चौघे तसेच बाकावर बसतात, कारण शाळेला भीती वाटते, आणि जवळ मीटर-पट्टी नसेल तर ती भीती खोटीही नाही.

---

टिळकवाडीची आहारतज्ज्ञ | सोमवार, दुपारी १.३०

वडगावकरांनी गुळाचा किस्सा लिहिला ते बरे केले. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण फळ कापलेल्या हातानेच बोट टोचतात आणि मग आकडा पाहून घाबरतात. साबणाने हात धुणे सर्वांत चांगले. रस्त्यावर नुसते पाणी आणि कोरडे फडकेही चालते, मात्र बोट ओले राहिले तर थेंब पातळ होऊन आकडा खाली दिसतो.

हा धागा वाचणाऱ्या इतर टाइप १ मंडळींसाठी थोडे लिहिते. प्रत्येकाने आपले प्रमाण आपल्या डॉक्टरांशी बसून ठरवावे, कारण एकाचे आकडे दुसऱ्याला लागू पडत नाहीत. धावताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे आधी टोचलेले इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त परिणाम करते. म्हणून लांब पल्ल्याला निघताना साखर साधारण १२५ ते १८० च्या दरम्यान असावी असे सांगतात, आणि आधीच्या जेवणाचे इन्सुलिन बरेचदा कमी करावे लागते. २७० च्या वर असेल तर आधी किटोन (इन्सुलिन कमी पडले की शरीर चरबी जाळते, त्यातून तयार होणारी आम्ले) तपासावेत. किटोन वाढलेले असताना धावणे म्हणजे आगीत तेल. पळताना दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. ७० च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम चटकन विरघळणारी साखर घ्यावी, म्हणजे तीन चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, १५ मिनिटे थांबावे आणि पुन्हा मोजावे. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच धावू नये, ते लवकर भिनते; पोट बरे.

आणि आपल्या गावाचा अभिमान बाजूला ठेवून सांगते, साखर उतरल्यावर कुंदा कामाचा नाही. दुधातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. शेंगदाण्याची चिक्कीही तशीच. कुंदा शर्यत संपल्यावर, इन्सुलिनचा हिशेब करून, अवश्य खावा.

---

गोंधळलेला अनगोळकर | सोमवार, दुपारी ३.०५

राजहंसगडाच्या चढावर मी जोर लावून पळालो तर माझी शुगर वाढते. मग धावल्याने ती उतरते हे कसे?

---

टिळकवाडीची आहारतज्ज्ञ | सोमवार, दुपारी ३.२०

दोन्ही खरे आहे. थोड्या वेळाच्या जोरकस श्रमात अॅड्रेनालिनमुळे यकृत साखर सोडते आणि आकडा चढतो. संथ, लांब धावण्यात तो उतरतो. शर्यतीच्या सुरुवातीला नुसत्या धाकधुकीनेही चढतो. त्या वेळी घाईने पूर्ण इन्सुलिन घेतले तर पुढे दहाव्या-बाराव्या किलोमीटरला पंचाईत होते.

---

स्पष्टवक्ती आक्का | सोमवार, सायंकाळी ६.४५

मला एक कळत नाही, आणि मी वाकड्यात शिरत नाही. मुंबईला जायचे भाडे, राहणे, बूट, शर्यतीची फी, हे सगळे मिळून जो खर्च होईल तो सरळ त्या मुलांना दिला तर? आजकाल जो तो कशासाठी तरी धावतो आणि फोटो टाकतो.

---

वडगावकर | सोमवार, रात्री ९.३०

आक्का, प्रश्न योग्य आहे. माझा खर्च माझ्या खिशातला, निधीतला एक रुपयाही त्याला लागणार नाही. तो पैसा थेट दिला तर एका मुलाच्या पट्ट्या जेमतेम वर्षभर पुरतील. एका मुलाला दिवसाला ३ प्रमाणे वर्षाला १,०९५ पट्ट्या लागतात. घाऊक भाव १६ रुपये मिळाला आहे, म्हणजे १७,५२० रुपये. बारा मुलांचे २,१०,२४० होतात. मी नुसता अर्ज घेऊन दारात गेलो की लोक शंभराची नोट काढतात. हा माणूस इन्सुलिन घेऊन ४२ किलोमीटर धावतो आहे असे कळले की आत बसवतात, चहा देतात आणि नीट ऐकून घेतात. हे मला फारसे आवडत नाही, पण तसे आहे खरे. पैसे एका नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या खात्यात जातात, पावती मिळते. करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नये, ती सवलतीत धरत नाहीत. आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलत मुळातच मिळत नाही.

फोटोबद्दल म्हणाल तर तुमचा राग मला पटतो. एका मंडळाने मोठी रक्कम देऊ केली, पण फलकावर एखादे मूल रडत सुई टोचून घेताना हवे होते. मी नाही म्हटले. ती रक्कम गेली.

---

खानापूरची आई | मंगळवार, रात्री ११.५०

वडगावकर दादांनी ज्या मुलाबद्दल लिहिले तो माझा मुलगा. लिहू की नको असे दोन दिवस चालले होते. आज लाईट आहे आणि पोरगा झोपला आहे, म्हणून लिहिते.

आमच्या घरी तीन मीटर आहेत. तिन्ही निरनिराळ्या शिबिरांत फुकट मिळाले, हार घालून, फोटो काढून मिळाले. प्रत्येकाबरोबर १० किंवा २५ पट्ट्या होत्या, त्या संपल्या. एका मीटरची पट्टी दुसऱ्याला चालत नाही, हे मला पहिल्यांदा दुकानात कळले. आता एकाची पट्टी बेळगावात मिळते, एकाची मागवावी लागते आणि तिसऱ्याचे मॉडेलच बंद झाले असे दुकानदार म्हणाला. तेव्हा कोणी मदत करणार असेल तर माझी हात जोडून विनंती आहे की मीटर देऊ नका.

मागच्या पावसाळ्यात २५ पट्ट्यांची एक डबी वाया गेली. आमच्याकडे जूनपासून भिंतींना पाणी सुटते. डबीचे झाकण एक दिवस नीट बसले नव्हते, पट्ट्यांना ओल लागली आणि मीटरवर आकड्याऐवजी एरर येऊ लागला. त्या दिवशी मी रडले. इन्सुलिनचे तसे झाले नाही; ते मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवते, कारण फ्रीज आहे पण लाईटचा भरवसा नाही.

योजनांबद्दल लोक विचारतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी त्यांची जनआरोग्य योजना लागू करायचे ठरवले, तेव्हा आम्हीही चौकशी केली. पण अशा योजना दवाखान्यात भरती झालेल्यांसाठी असतात. माझा मुलगा भरती होऊ नये म्हणून जे लागते, त्याचा कागद कुठल्याच खिडकीवर, कन्नडमध्ये किंवा मराठीत, मला मिळाला नाही.

आणि दादा, आठवड्यातून एकदा मी कुठली वेळ निवडते हे तुम्ही विचारले नाही. मी रविवारी पहाटे तीनला तपासते. दिवसा तो काहीतरी बोलतो, चिडतो, भूक लागली म्हणतो, त्यावरून अंदाज येतो. रात्री काहीच कळत नाही. इतर सहा रात्री मी उठून त्याच्या कपाळाला हात लावते, घाम आला आहे काय बघायला.

---

निपाणीचे गुरुजी | बुधवार, सकाळी ६.२०

ताई, आपले लिहिणे दोनदा वाचले. वडगावकर, दोन मुलांच्या वर्षभराच्या पट्ट्या, म्हणजे ३५,०४० रुपये, माझ्या पेन्शनमधून देतो. माझ्या पहिल्या प्रतिसादातली भीती मागे घेत नाही. फक्त ती तुमच्यापेक्षा त्या रात्रींबद्दल अधिक वाटायला हवी होती.

---

सांबऱ्याचा माजी सैनिक | बुधवार, सकाळी ८.१०

सुचवतो, बाराही मुलांना एकाच बनावटीचा मीटर असू द्या, ज्याच्या पट्ट्या बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तिन्ही ठिकाणी मिळतात. फौजेत बंदूक आणि गोळी वेगवेगळ्या मापाची देत नाहीत. दुकानांत फिरून चौकशी करायचे काम माझ्याकडे द्या, मला दिवसभर वेळच वेळ आहे.

---

वडगावकर | गुरुवार, रात्री १०.३०

अण्णा, काम तुमच्याकडे. बनावट ठरली की जुन्या मीटरबद्दल ताईंशी बोलून घ्या, ज्याची पट्टी बेळगावात मिळते तोच निघाला तर त्यांना नवा लागणार नाही. पट्ट्या वर्षाच्या एकदम द्यायच्या नाहीत. तीन-तीन महिन्यांच्या, मुदत तपासून आणि पावसाळ्यात २५ च्या लहान डब्यांत. हे ताईंनी लिहिले नसते तर आम्ही ५० च्या मोठ्या डब्या घेऊन मोकळे झालो असतो.

देणगीदारांना काय सांगायचे याचे उत्तरही मिळाले. आज गोवावेसजवळच्या एका व्यापाऱ्याला मी इन्सुलिन, शर्यत, काहीच सांगितले नाही. पहाटे तीनला कपाळाला हात लावणाऱ्या आईबद्दल सांगितले, नाव न घेता. त्यांनी विचारले, “एका रात्रीची पट्टी केवढ्याला?” मी १६ म्हटले. ते गल्ल्याकडे बघत ३६५ ने गुणत बसले आणि ५,८४० चा धनादेश दिला.

---

वडगावकर | रविवार, रात्री ११.४०

आज ३२ किलोमीटर झाले. शर्यतीच्या आधीचा हा सर्वांत लांब पल्ला, आता अंतर कमी करत न्यायचे. आहारतज्ज्ञ ताईंनी विचारले होते म्हणून आकडे देतो. निघताना १४८, पाचव्या किलोमीटरला १७१, पंधराव्याला १२६, एकविसाव्याला ९४. तिथे केळे आणि ग्लुकोज घेतले. सत्ताविसाव्याला १०३, घरी आल्यावर १३९. या वेळी गुळाला हात लावला नाही.

खरी कसोटी अजून बाकी आहे. लांब धावल्यावर रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात आणि ती सात ते अकरा तासांनीही उतरू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्रीचे, बराच वेळ काम करत राहणारे इन्सुलिन २० टक्क्यांनी कमी घेतले आहे आणि अडीचचा गजर लावला आहे.

---

खानापूरची आई | सोमवार, पहाटे ३.०५

आमच्याकडे १२२. अण्णा शनिवारी येऊन पहिल्या तीन महिन्यांच्या डब्या देऊन गेले. तुमचे किती, दादा?

---

वडगावकर | सोमवार, पहाटे ३.१२

अडीचला ७८ होते. दूध आणि अर्धी पोळी घेतली, आता ९६. चारला पुन्हा बघतो. ताई, तुम्ही झोपा.